गुलाबरावांच्या वाचकांची वही

गुलाबराव गावंडे कोणाचंही हस्तलिखित उभ्याने वाचतात. ज्या पानावर कंटाळून खुर्चीत बसावंसं वाटतं, त्या पानाच्या समासात पेन्सिलीने ‘इथे बसलो’ असं लिहितात आणि ते बाड लेखकाला परत करतात. बहुतेकांचं तिसऱ्या पानापर्यंत आटोपतं. एका निवृत्त साहेबांच्या आत्मचरित्रात तर ते अर्पणपत्रिकेवरच बसले होते.

ओंकार, रिया, व्हिडिओ कॉलवर तुमच्या या आजीच्या पाठीमागून न विचारता ये-जा करणारे जे उंच गृहस्थ तुम्हाला दिसतात, ते हेच. तुमच्या बाबांना वाटलं होतं, मी भाडेकरू ठेवला. भाडेकरू परवडला असता. त्याला निदान स्वतःची खोली असते.

नागपूरच्या नंदनवन वस्तीतल्या आमच्या गल्लीत गुलाबराव शेजारच्या घरात एकटे राहतात. छत्तीस वर्षं त्यांनी विदर्भातल्या गावोगावी एसटीने फिरून, दोन पिशव्यांतून पुस्तकं विकली. पाय थकल्यावर फाटकाला पाटी लावली, ‘साहित्यिक एजंट’. लेखकाचं लिखाण घ्यायचं, योग्य प्रकाशक शोधायचा, दोघांचं जमवून द्यायचं, असा हा उद्योग. तुमच्याकडे परदेशात याची मोठाली ऑफिसं असतील. आमच्याकडे ती पाटी वाचून लोक प्लॉटची चौकशी करायला येतात. एकाने तर ‘साहित्यिक’ हे नवं लेआउट कुठे पडलं, असं विचारलं.

माझा छळ इथून सुरू होतो. त्यांच्या घरात वाळवी आहे, म्हणून हस्तलिखितं माझ्या गव्हाच्या कोठीत, कडुनिंबाच्या पाल्यात ठेवलेली असतात. त्यांच्याकडे कॉम्प्युटर नाही, म्हणून प्रकाशकांचा पत्रव्यवहार माझ्या इमेलवर येतो. मी जन्मभर कॉलेजात इंग्रजी शिकवलं, सगळी कामं घड्याळ लावून केली, आणि आता दुपारी चार वाजता माझ्या जेवणाच्या टेबलावर मराठी प्रकाशनव्यवसायाची शोकसभा भरते.

“वहिनी, पहिले प्रकाशक चहा पाजे, एका धड्यावर दोन घंटे भांडे. आता फॉर्म पाठवते. फोटो पायजे, फॉलोअर किती ते पायजे, रील बनवता का ते पायजे. पुस्तक छापून राहिले का इलेक्शन लढवून राहिले?”

“गुलाबराव, पाय खाली घ्या. खुर्ची पुसलीय आत्ताच.”

“आन् ऑडिओबुक म्हणे! पुस्तक म्हंजे हातात वजन लागलं पायजे. कानात वजन कसं लागन?”

वजनाचं हे पालुपद मी दिवसातून तीनदा ऐकते.

त्यांच्याकडे सध्या एकच लेखिका आहे, विमलताई. काटोलजवळच्या एका गावात त्या अंगणवाडी सेविका होत्या. मुलांची वजनं लिहायच्या रजिस्टरांच्या कोऱ्या पानांवर त्यांनी एकेका मुलाची गोष्ट लिहून ठेवली. हे एकच हस्तलिखित गुलाबरावांनी शेवटपर्यंत उभ्याने वाचलं आणि रात्री पायाला तेल चोळलं. गेली दोन वर्षं दर महिन्याला विमलताई बसने येतात, दारातच चप्पल काढून विचारतात, “भाऊ, येते का जी आपलं पुस्तक?” आणि गुलाबराव म्हणतात, “येते म्हंजे! येऊनच राहिलं.”

गेल्या महिन्यात मी इमेल आवरायला बसले, तर पुण्याच्या एका प्रकाशनातल्या संपादक मुलीचं पत्र सापडलं. ‘आपण फोनवर नकार दिलात, तरी पुन्हा विचारते,’ असं तिने लिहिलं होतं. कागदावर काढणं सध्या जमणार नाही, पण विमलताईंचं पुस्तक त्यांना ध्वनिपुस्तक म्हणून करायचं होतं. सोमवारपर्यंत उत्तर हवं होतं. नंतर त्यांच्या यादीतली ती जागा दुसऱ्या पुस्तकाला जाणार होती.

मी चष्मा काढून ठेवला. “गुलाबराव, नकार? विमलताईंना विचारलंत?”

“त्यायले काय विचारायचं? कागदावर येईन तवा सांगू.”

“पुस्तक त्यांचं आहे. तुम्ही कोण नाही म्हणणारे?”

“एजंट.”

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा चहाच्या अर्ध्या कपावरून उठवलं. तासाभराने ते परत आले, बगलेत लाल कापडात बांधलेली जाड वही. फिरतीवर असताना त्यांनी गावागावातल्या वाचकांची नोंद केली होती. नाव, गाव, काय आवडतं, कोणाच्या दारी पुन्हा फिरकायचं नाही. एका नावापुढे ‘रडवणारं देऊ नये, बीपी आहे’ असंही होतं. मुलं-नातवंडांकडून मिळवलेले मोबाइल नंबर नंतर वेगळ्या शाईने घातलेले.

“हे माझे फॉलोअर,” वही आपटत ते म्हणाले. “लावा फोन. एक जरी म्हणाला ना का मले कानानं आयकाचं हाये, तर मी पुण्याले हो म्हणतो.”

मी पट्टी घेऊन बसले आणि ओळीने फोन लावू लागले, स्पीकर चालू ठेवून. पहिला नंबर उमरेडच्या वकिलांचा. ते वारले होते. दुसऱ्या घरी सुनेने सांगितलं, “बाबांची पुस्तकं ना? दिवाळीच्या सफाईत देऊन टाकली.” तिसरे गृहस्थ मुलाकडे पुण्याला गेले होते, वाचन केव्हाच सुटलं होतं. प्रत्येक फोननंतर मी पट्टीने नावावर रेघ मारत होते, आणि गुलाबराव वहीकडे न बघता खिडकीबाहेर बघत होते. मला हरवायला आलेले हे गृहस्थ हरत होते, आणि मला मुळीच बरं वाटत नव्हतं.

सातवा नंबर सावनेरच्या एका निवृत्त गुरुजींचा.

“गुलाबराव? अरे, जिवंत हाय का तू?”

“हाये ना गुरुजी. वाचन काय म्हणते?”

“काहीच म्हणत नाही गा. डोळ्याचा पडदा गेला. दोन वर्षं झाले, पेपरची अक्षरंही दिसत नाही. सून चांगली हाये, पण तिले कोणत्या तोंडानं म्हणू का मले वाचून दाखव? लेकरं, स्वयंपाक.” आणि लगेच, “तुह्या पिशवीत काय हाये सध्या?”

गुलाबराव उठून कोठीपाशी गेले, हस्तलिखित काढलं, पानांत अडकलेला पाला झटकला. माझ्या नुकत्याच पुसलेल्या फरशीवर. आणि फोनसमोर धरून त्यांनी विमलताईंची पहिली गोष्ट वाचायला घेतली. एक पोट्टी अंगणवाडीतला अर्धा लाडू रोज फ्रॉकच्या घेरात बांधून घरी नेते आणि तिचं वजन का वाढत नाही ते कोणालाच कळत नाही, अशी ती गोष्ट. मी पट्टी खाली ठेवली. गोष्ट संपली. मग गुरुजी म्हणाले, “पुढचं उद्या वाचशीन?”

फोन बंद झाल्यावर गुलाबराव वही बांधू लागले. गाठ काही बसेना.

“पुण्याले लिवा वहिनी. आधी विमलताईले विचारा, मंग लिवा.”

विमलताई फोनवर एवढंच म्हणाल्या, “माह्या मायले वाचता येत नाही जी. तिले आयकता येईन का?” सोमवारच्या आत मी होकार पाठवला. रेकॉर्डिंगला सहा महिने लागतील, असं संपादक मुलीने कळवलं. “गुरुजीनं सहा महिने काहून थांबावं?” असं म्हणून गुलाबराव रोज चारच्या ठोक्याला माझ्या टेबलावर बसून सावनेरला फोन लावू लागले. मला वाटलं होतं, पुण्याचं पत्र गेलं की माझी सुटका होईल.

काल कराराच्या कागदांवर सही करायला विमलताई आल्या तेव्हा हेच चाललं होतं. त्या दारातच थबकल्या, कारण आत त्यांचीच गोष्ट ऐकू येत होती. गुलाबरावांनी वाचन थांबवलं, “गुरुजी, एक मिनिट, लिवणारी बाईच आली,” म्हणाले आणि फोन त्यांच्या हातात दिला.

“कोण जी?” विमलताईंनी दबकत विचारलं.

“तूच लिवलं का हे बाई?” गुरुजींचा आवाज आला. “मले एक सांग, ते लाडूवाली पोट्टी. पुढं शाळेत गेली का?”

विमलताई उंबरठ्यावर टेकल्या. “गेली ना गुरुजी. नर्स झाली. परवाच आली होती...” आणि सांगत सुटल्या.

गुलाबराव मागच्या अंगणात निघून गेले. सहीचे कागद घेऊन मी मागोमाग गेले, तर नळ सोडून, तोंड न धुता, नुसते उभे.

“पाणी वाया चाललंय,” मी म्हटलं.

त्यांनी नळ बंद केला.

“वहिनी, छत्तीस वर्षं पुस्तकं इकली. पण लिवणारं आन् वाचणारं माणूस एकमेकाशी बोलताना मी आज पहिल्यांदा आयकून राहिलो.”