कमळाकर सरांनी सुधारलेली चित्रं

वाशीच्या त्या शाळेत कमळाकर सर चित्रकला शिकवत, म्हणजे मुलांनी काढलेली चित्रं पुन्हा स्वतः काढत. यात त्यांना गैर काही वाटत नसे. प्रदर्शनाआधी मुलांच्या चित्रांवरून चित्रकलेच्या मास्तरांनी 'जरा हात फिरवायचा' ही रीतच होती. आणि सरांचा हात एकदा फिरू लागला की चित्राखाली मुलाचं तेवढं नाव उरे.

१९८४ च्या जानेवारीत वरून, शिक्षण खात्याकडून पत्र आलं. दूरच्या कुठल्याशा शाळेत मास्तरांच्या थपडेनं एका पोराचा कान बधिर झाला होता आणि पेपरात बोभाटा झाला होता. तेव्हा प्रत्येक शाळेनं मारहाणीविरुद्ध जागृती करावी, असा हुकूम होता. मुख्याध्यापक रावसाहेबांनी सरांना बोलावलं.

"कमळाकर, मुलांच्या चित्रांचं प्रदर्शन लावा. शनिवारी खात्याचे साहेब बघायला येतायत. आणि तुम्हाला कायम करायचा कागद आलाय बरं का माझ्याकडे. एवढं पार पाडा, सोमवारी सही करतो."

पाच वर्षं टेंपररी असलेल्या माणसाला एवढं पुरे होतं. घरी बायकोनं, सुचित्रानं, सोमवारी शिरा करायचं ठरवूनही टाकलं.

चित्रं आली सतरा. प्रत्येकात छडी, प्रत्येकात मारणारा माणूस, आणि तोंडं म्हणजे नुसते बटाटे. तळवलीहून येणाऱ्या गोजरानं तर माणसाला तोंडच दिलं नव्हतं. छडी झकास, पुढे धरलेला इवलासा तळवा झकास, आणि वर कोरा गोल. "विसरली वाटतं पोरगी," म्हणत सरांनी ब्रश उचलला. शुक्रवार संध्याकाळपर्यंत सतराही तोंडं नीटनेटकी झाली.

घोटाळा एवढाच, की गेले दोन महिने सर रावसाहेबांच्या निवृत्तीसाठी त्यांचं तैलचित्र रंगवत होते. हाताला तेच वळण पडलेलं: जाड चष्मा, झुपकेदार मिशी, उजव्या गालावर मस. चित्रं सुधारली एकेक करून. सतरा एकत्र पाहिली ती थेट शनिवारी, साहेबांच्या मागे उभं राहून. सतराही तोंडं रावसाहेबांची होती.

'छडीला सुट्टी' या फलकाखालून साहेब सावकाश फिरले. एकदा चित्राकडे पाहत, एकदा रावसाहेबांकडे.

"मुलांचं निरीक्षण दांडगं आहे हं, रावसाहेब!" एवढं बोलून ते चहा न घेताच गेले.

वाईट याचं वाटतं, की तीस वर्षांच्या नोकरीत रावसाहेबांनी एकाही पोराला बोट लावलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी पी.टी.च्या नंदकुमार सरांची छडी मागून घेतली.

"हे कुणी काढलं?" मस सगळ्यात हुबेहूब उतरला होता तो गोजराच्या चित्रात.

"मी," गोजरा म्हणाली. "पन सर, माज्या मानसाला तोंडच नव्हतं."

"मग काय आपोआप उगवलं? कमळाकर, तुम्हीच सांगा."

कमळाकर सरांनी तोंड उघडलं. पण डोळ्यांसमोर सोमवारचा तो कागद आला.

"मुलं... बघतात तसं काढतात, सर."

फलकाखालीच गोजराच्या तळव्यावर दोन छड्या बसल्या. बिचारे रावसाहेबच मारल्यावर छडी टाकून खुर्चीत बसले.

सोमवारी सही झाली. शिरा मात्र सरांनी ताटात तसाच ठेवला.

"साखर कमी पडली का हो?" सुचित्रानं विचारलं.

"नाही गं. शिरा चांगला झालाय," सर म्हणाले आणि ताटावरून उठले.

मंगळवारी मधल्या सुट्टीत त्यांनी गोजराला नळापाशी गाठलं.

"गोजरा, चुकलं माझं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

"ऱ्हाऊ द्या सर. आता नाय दुखत."

"तू तोंड काढायला विसरली होतीस, म्हणून मी आपलं..."

"विसरली नव्हती." गोजरानं ओले हात परकराला पुसले. "मार खाताना मी कदी वर बगतच नाय. मंग तोंड कसं काढू?"

गोजरा वर्गाकडे निघाली आणि त्यांची कीव आल्यासारखी थांबली.

"शनवारी मातर बगितलं."

"रावसाहेबांकडे?"

"नाय. तुमच्याकडं. म्हटलं, आता तुमी बोलाल."