गबाळ्याचा चौथा पंजा

"अगं, नखंच कापायची आहेत, हत्तीचे सुळे नाहीत! चुटकीसरशी करतो!" बाबांनी छाती फुगवून जाहीर केलं.

आई भाजी निवडता निवडता फक्त "हूं" म्हणाली.

घरच्या कुत्र्याची, गबाळ्याची नखं हे खरं तर लेकीचं खातं. नोकरीसाठी ती दुसऱ्या शहरात गेली, तरी दर महिनाअखेरीला नखं कापायच्या निमित्ताने घरी यायची. दुसऱ्या कुणाला गबाळ्या पंजाला हात लावू देत नसे. प्राण्यांच्या डॉक्टरांनी एकदा प्रयत्न केला, तेव्हा तपासायच्या टेबलावर शेवटी डॉक्टरच चढून बसले होते!

या महिन्यात मात्र तिचा फोन आला, "बाबा, कामातून सुटका नाही हो. जमणार नाही यायला."

"नको येऊस! आमचं काही अडत नाही!" बाबा तोऱ्यात म्हणून गेले. मग त्यांनी चहात दोनदा साखर घातली आणि तो चहा तसाच प्यायले.

बाबांनी आयुष्यभर कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळलेली. त्यामुळे तयारी चोख! कुत्र्याच्या नखात गुलाबी शीर असते, ती कापली की रक्त येतं. म्हणून पलीकडून टॉर्च धरून शीर बघायची, तिच्या अलीकडे स्केचपेनने खूण करायची आणि खुणेपुढचं टोक थोडं थोडं कापायचं. आराखडा बिनचूक होता. त्यात कुत्रा तेवढा नव्हता. तो पलंगाखाली होता.

"बाहेर ये रे राजा!"

"गुर्र!"

"बघा, नाही म्हणतोय," आई म्हणाली.

"तिचा आवाज ऐकला की येईल," म्हणत बाबांनी फोन काढला. त्यात लेकीचे निरोप साठलेले होते. 'आई, पोचले गं.' 'बाबा, छत्री तिथेच राहिली.' 'जेवले, आता झोपते.'

आई बघतच राहिली. "सगळे ठेवलेत तुम्ही?"

"पुसायचे राहिले," बाबा चष्मा पुसत म्हणाले.

वासाचीही सोय हवी म्हणून त्यांनी लेकीचा जांभळा स्वेटर अंगात कोंबला. बाह्या कोपरापाशीच संपल्या. मग पूर्ण आवाजात निरोप लावला, 'आई, पोचले गं!'

गबाळ्या पलंगाखालून तोफगोळ्यासारखा सुटला, बाबांना आडवं करून थेट दाराशी गेला आणि दार ओरबाडू लागला. तेवढ्यात बेल वाजली. आईने दार उघडलं. शेजारच्या काकू!

"आली वाटतं पोरगी! आवाज ऐकला म्हणून म्हटलं..." काकूंची नजर जमिनीवर पसरलेल्या जांभळ्या बाबांवर गेली आणि वाक्य अर्ध्यातच अडकलं. त्यांच्या पायांमधून गबाळ्या जिन्याने खाली पसार!

हातात नेलकटर घेऊन बाबा मागे धावले. गबाळ्या फाटकापाशी सापडला. लेक टॅक्सीतून उतरायची तिथेच, रस्त्याच्या वळणाकडे डोळे लावून बसला होता.

"चल घरी. नाही आली ती," बाबा धापा टाकत म्हणाले.

गबाळ्या हलला नाही. बाबा शेजारी टेकले. सहज त्याचा पंजा हातात घेतला, तर त्याला पत्ताच नाही! सगळा जीव त्या वळणावर. ऊनही असं स्वच्छ पडलेलं, की टॉर्चशिवाय शीर दिसत होती. बाबांनी श्वास रोखून टोक कापलं. टक्! मग पुढचं. मधूनच एखादी टॅक्सी वळायची. दोघांच्याही माना एकदम वर व्हायच्या. टॅक्सी न थांबता निघून जायची. दोघं पुन्हा खाली.

असे तीन पंजे झाले. रक्ताचा थेंब नाही! चौथा पंजा हातात घेतला आणि बाबा थबकले. हाही आपणच उरकला, तर पुढच्या महिन्यात तिने यायचं तरी कशाला?

इतक्यात आई फोन घेऊन खाली आली. पडद्यावर लेक.

"बाबा! माझा स्वेटर घालून रस्त्यावर काय बसलात?"

"थंडी आहे जरा."

"घामाच्या धारा लागल्यात तुम्हाला! बरं, नखं झाली?"

"तीन पंजे झाले," बाबा खाकरले. "चौथा मात्र काही केल्या देत नाही. भारी हट्टी! तुलाच यावं लागणार."

लेकीचा आवाज ऐकून गबाळ्या वळला, शेपूट हलवत फोनसमोर आला आणि चौथा पंजा अलगद उचलून त्याने पडद्यासमोर धरला.

"बाबा, तो पंजा देतोय."

"छे! टाटा करतोय."

 पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला.

"शनिवारी येते. साहेबांना काहीतरी सांगते. पण त्या पंजाला हात लावू नका!"

"माझी काय बिशाद!"

फोन बंद झाला. गबाळ्या पंजा तसाच उचलून रिकाम्या पडद्याकडे बघत राहिला.

"ठेव रे खाली," बाबा त्याच्या डोक्यावर हात फिरवत म्हणाले, "आज सोमवार आहे."