गालाची आतली बाजू

मुरलीभाऊ माणसाच्या तोंडाकडे बघत नाही, तोंडात बघतो. समोरच्याला जांभई आली की हा बोलणं थांबवतो आणि अर्धं पाऊल पुढे सरकतो. लिंबायतच्या आमच्या गल्लीत लोक त्याच्यासमोर जांभई आली तर पाठ फिरवून देतात.

तो दातांच्या कॉलेजात कामाला आहे. कोणाच्या तोंडातून डॉक्टरांनी काढलेला दाण्याएवढा तुकडा त्याच्याकडे येतो. हा तो मेणात बसवतो, यंत्रावर त्याचे काप काढतो, कोमट पाण्यावर सोडतो, काचेवर उचलतो आणि रंगवतो. काप इतका पातळ, की जवळ शिंकायची सोय नाही. मग डॉक्टर मायक्रोस्कोपखाली बघून काय ते सांगतात. हाताची ही सवय घरीही सुटत नाही. गल्लीतल्या एका लग्नात त्याला काकडी कापायला बसवला, तर पंगत उठली तरी याची पहिलीच काकडी चालू. लग्न मात्र त्यानं स्वतः केलं नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणतो, "राहून गेलं."

बोलणं एकच. "तात्या, वरून काय बघता? थर बघा." चहा गार होईपर्यंत पीत नाही आणि तोवर दुसऱ्यालाही पिऊ देत नाही. "गालाच्या आतली कातडी पंधरा दिवसांत नवी होते. खालच्या थरात पेशी जन्मतात, वर सरकत येतात, चपट्या होतात, गळतात. तुम्ही त्या गिळून टाकता. दिवाळीत ज्या तोंडानं भांडलात, ते तोंड आता शिल्लक नाही."

"मग भांडण कसं शिल्लक आहे?" मी विचारलं.

"ते माझ्या खात्यात येत नाही."

अशा माणसाचा कोणाला हेवा वाटेल का? मला वाटायचा. माझं शिक्षण चौथी. उधन्याच्या मिलमध्ये रंगखात्यात छत्तीस वर्षं काढली. हजारो मीटर साडी रंगवली, कुठे डाग नाही. गल्लीनं कधी विचारलं नाही. आणि याच्यासमोर बायाबापड्या रांगेनं जीभ काढून उभ्या. जरा हिरडी दुखली की मुरलीभाऊ.

एकदा त्यानं कॉलेजातली टाकाऊ काच घरी आणली. जिभेचा काप होता. माझी बायको सुमन ती उजेडात धरून बघायला लागली, तेही माझ्या मिलच्या, कापडाचे धागे मोजायच्या भिंगातून. "हे धाग्यासारखे उंचवटे, वहिनी. मधेच हा कुत्र्याच्या छत्रीसारखा. त्याच्यात चव कळते." सुमन बघतच राहिली. मग माझ्याकडे वळून आमच्या अहिराणीत म्हणाली, "आपला मिलमा असा रंग कधी बसना का?"

नखाएवढ्या काचेवर दोन थेंब टाकायचे, आणि त्याला रंग म्हणायचं. मी त्या दिवशी जेवलो नाही. कोणाच्या लक्षातही आलं नाही.

सुमन मिश्री लावायची. तव्यावर तंबाखू भाजायची, कुटायची, सकाळी बोटानं दातांना घासायची. दात काळे पडलेले, त्यामुळे हसताना तोंडावर पदर. बेचाळीस वर्षांच्या संसारात तिच्या गालाची आतली बाजू मी पाहिली नव्हती. कोण नवरा बघतो? आणि एका दुपारी भाजी घेऊन आलो, तर सुमन ओट्यावर बसलेली, पदर खांद्यावर, तोंड हे एवढं उघडं, अन् मुरलीभाऊ टॉर्च धरून आत बघतोय.

"तात्या, पांढरा डाग आहे. पुसून जात नाही. उद्याच कॉलेजात आणा, तुकडा काढून बघू."

"तू आधी लग्न कर," मी म्हणालो, "आणि स्वतःच्या बायकोचं तोंड बघ." गल्लीला ऐकू जाईल असं म्हणालो.

त्यानं टॉर्च विझवला आणि गेला. सुमन म्हणाली, "टोचत होतं म्हणून दाखवलं."

"मला का नाही दाखवलं?"

"तुम्हाला काय दिसलं असतं?"

हे शब्द मला फार लागले. मी तिला तीन महिने नेलं नाही. गाल सुजला, तिखट सोसेना, तेव्हा नेलं. तुकडा काढला तो मुरलीभाऊच्याच हातात गेला. पुढचं सगळं लिहीत नाही. माघात सुमन गेली.

दहाव्याला तो आला, मागे बसला. खाली मान. त्या दिवशी कोणाच्या तोंडात त्यानं बघितलं नाही.

माणूस गेल्यावर दुःख होतं. मला दुःखाबरोबर रागही यायचा, तो आजही येतो. माझ्या बायकोच्या गालाची आतली बाजू त्यानं चारशे पट मोठी करून बघितली आणि मी एकदाही नाही. हे डोक्यातून निघेना. शेवटी एका सकाळी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"मला सुमनची काच बघायची आहे."

"ती बघण्यासारखी नाही, तात्या."

"तू बघितलीस ना?"

त्यानं त्याच्या खात्याच्या डॉक्टर मॅडमची परवानगी काढली आणि दोन दिवसांनी आम्ही शेअर रिक्षात बसलो. वाटेत मी विचारलं, "ते तीन महिने गेले नसते तर?"

"ते डॉक्टरांना विचारा. मी फक्त काप काढतो," तो म्हणाला आणि बाहेर बघत राहिला.

मॅडम वयानं लहान. मला बसायला स्टूल दिलं. मुरलीभाऊनं कपाटातून एक पेटी काढली, तशा त्या म्हणाल्या, "काका, इनको पूछो. मुझे एक स्लाइड चाहिए थी, इन्होंने उन्नीस काट दी. पूरा टुकड़ा खतम कर दिया."

"कशाला रे?" मी विचारलं.

तो काच पुसत होता. "एखाद्यात नसेल, म्हणून." काच उजेडात धरून म्हणाला, "सगळ्यांत होतं."

त्यानं एकोणिसावी काच लावली. मी डोळा टेकला. आधी सगळा गोंधळ दिसला. छापताना कापड सरकावं आणि रंगावर रंग चढावा, तसा. तो काच हळूहळू बाजूला नेत गेला. अगदी कडेला एक चिंचोळी पट्टी आली. खाली जांभळ्या टिपक्यांची दाट ओळ, त्यावर टिपके विरळ होत गेलेले, वर फिकट गुलाबी, सपाट. सगळं जागच्या जागी.

"हे वहिनींचं," तो म्हणाला. "मघाचं ते त्यांचं नव्हे."

मी रंगात खोट शोधली. छत्तीस वर्षांची सवय. सापडली नाही. एवढ्याशा जागेत सुमन होती आणि मी तिच्याकडे बघत होतो.

मागून त्याचा आवाज आला. "तात्या, मला एकदा बघू देता?"

"तुझीच तर आहे काच."

"रिपोर्ट गेल्यावर पुन्हा नाही काढली मी. तुम्हाला आवडलं नसतं."

मी लगेच उठलो नाही. अजून थोडा वेळ बघितलं. मग स्टूल सोडून बाजूला झालो.