दहा नंबरची झोप

"नमुन्यातलं घर म्हणजे नमुन्यातलंच घर, शिवतेज. ते बंद आहे म्हणून शेजारचं घ्यायचं नाही," संयोगिता मॅडम फोनवर तिसऱ्यांदा म्हणाल्या.

"मॅडम, एखादंच बंद असतं तर मी विचारलंच नसतं."

"किती बंद आहेत?"

"बारा."

"आणि नमुन्यात किती आहेत?"

"बारा."

पलीकडे यादीची पानं उलटल्याचा आवाज आला. मग मॅडम म्हणाल्या, "उद्या अकराला मी पडताळणीला येतेय. याआधीच्या दोन गावांतही तुमचा प्रतिसाद कमी होता. आता तिसरं गाव. पुढचं मी सांगायला नको."

पुढचं शिवतेजला माहीत होतं. कंत्राट संपणार आणि तो कडेगावला मामाच्या पोल्ट्रीवर अंडी मोजायला बसणार. मामानं स्टूलसुद्धा आणून ठेवलं होतं. संख्याशास्त्रातली पदवी घेऊन अंडी मोजायची, आणि तीही नमुना वगैरे न काढता, एकूण एक.

सर्वेक्षण झोपेचं होतं. गावातली माणसं किती तास झोपतात, एवढंच विचारायचं. विट्याच्या पुढं खैरमाळला एकशेवीस घरं. त्यातली बाराच बघायची म्हटल्यावर गावातल्या म्हाताऱ्या बनुबाईंनी सकाळीच त्याला अडवलं होतं.

"बारा घरांवनं समद्या गावाची झोप कळती व्हय रं?"

"शितावरनं भाताची परीक्षा करतात ना मावशी, तसंच."

"करत्यात की. पण आदी पातेलं ढवळाय लागतंय. तू गाव ढवळलंस का?"

शिवतेजला कॉलेजच्या तीन वर्षांत एवढा नेमका प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यानं घाईनं एक ते दहाच्या चिठ्ठ्या केल्या आणि बनुबाईंनाच एक उचलायला लावली. दहा निघाली. म्हणजे दहावं घर, मग विसावं, तिसावं, असं एकशेविसापर्यंत. हिशेबाला सोपं म्हणून तो खूशही झाला.

पण खैरमाळला दहा-दहा घरांच्या बारा ओळी. प्रत्येक ओळीतलं दहावं घर रस्त्याच्या तोंडाला, आणि तोंडाचे बाराही प्लॉट गलाईवाल्यांनी घेतलेले. सोनं गाळायची त्यांची दुकानं कोइमतूरपासून कोलकात्यापर्यंत. माणसं तिकडं, इकडं बंगले. दारात संगमरवरी हत्ती आणि कुलूप. चावी शेजारच्या नऊ नंबरवाल्याकडं. नमुन्याची उडी आणि गावाची ओळ एका मापाची असली की असं होतं, याला पुस्तकात नाव होतं. परीक्षेत हा प्रश्न दोन मार्कांना आला होता आणि शिवतेजनं तो सोडला होता.

सरपंच लालासाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. ते स्वतः नऊ नंबरात राहत. दहा नंबरची चावी त्यांच्याच करगोट्याला.

"म्हंजी सरकारला दहा नंबरात माणूस पायजे."

"हो, पण..."

"मग बसवू की! त्यात काय एवढं!"

"सरपंच, खोटं चालणार नाही. एक शब्दसुद्धा."

"कोन खोटं बोलतंय? काल रातच्याला या घरात कोन झोपलं, आसंच इचारणार न्हवं तुमी? मग झोपत्यालच की तितं."

शिवतेजनं फॉर्म काढून बघितला. प्रश्न अगदी तसाच होता. घर कुणाचं, हा रकाना नव्हता. तो लागेल असं वरती कुणाला वाटलंच नव्हतं.

लालासाहेबांनी लगोलग बाराही मालकांना फोन लावले. गावचा सरपंच मागतो म्हटल्यावर नाही म्हणायची पद्धत नाही, म्हणून बाराही जण "व्हय" म्हणाले. फक्त म्हणायच्या आधी प्रत्येकजण जरा थांबला.

मग कुणी झोपायचं, यावरून गावात भांडण लागलं. प्रत्येकाला एसी बघायचा होता. शेवटी शिवतेजनंच उरलेल्या एकशेआठ घरांच्या चिठ्ठ्या एका घमेल्यात टाकल्या, हातानं खालवर केल्या आणि बारा काढल्या. काढता काढता त्याच्या लक्षात आलं, की आयुष्यातला पहिला खरा ढवळलेला नमुना आपण आत्ता काढतोय, आणि तो कुठंही दाखवता येणार नाही. दहा नंबर बनुबाईंना निघाला. वीस नंबर बिराप्पा मेंढपाळाला, त्याच्या पाच कोकरांसकट, कारण ती त्याच्याशिवाय झोपत नसत.

दुसऱ्या दिवशी अकराला मॅडमची गाडी दहा नंबरपुढं थांबली. हॉलमध्ये बनुबाई फरशीवर गुडघे जवळ घेऊन बसल्या होत्या. सोफ्याला त्यांनी पदरही लागू दिला नव्हता. शिवतेजच्या बनियनमधून घाम निथळत होता आणि एसी सोळावर होता.

"आजी, काल रात्री या घरात किती माणसं झोपली?"

"येक बी न्हाई."

शिवतेजनं डोळे मिटले.

"आवं, मी हुते की रातभर. पर झोपतंय कोन? पांडरी फरशी, पांडरा सोफा. डाग पडला तर काय सांगू? उजाडस्तोवर आशीच बसलीय."

मॅडमनी 'शून्य' लिहिलं आणि पेन थांबवलं. "डाग पडला तर सांगायचं कुणाला? घर तुमचं नाही का?"

बनुबाईंनी खोटं बोलायचं नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवलं होतं. म्हणून त्यांनी तोंडच घट्ट मिटलं. शिवतेज काहीतरी बोलणार, तेवढ्यात छताजवळून आवाज आला.

"बनुकाकू, आगं सोफ्यावर बस की!"

मॅडमच्या हातातलं पेन पडलं. वर कोपऱ्यात एक कॅमेरा होता, आणि तो बोलत होता.

"कोण आहे?" मॅडमनी विचारलं.

"मी धनाजी. घरमालक. कोइमतूरला हाय. रातभर मोबाईलवर बघतोय, काकू आत्ता लवंडंल, मग लवंडंल. ती झोपंना, म्हनून मला बी झोप न्हाई."

"तुम्ही किती तास झोपलात?" मॅडमनी सवयीनं विचारलं.

"येक मिनिट न्हाई."

मॅडमनी शिवतेजकडे पाहिलं. त्यानं सगळं सांगून टाकलं, घमेल्यासकट. मामाचं स्टूल त्याला डोळ्यांपुढं दिसायला लागलं.

मॅडमनी फॉर्मवरच्या सूचना बोट ठेवून वाचल्या. मग म्हणाल्या, "नमुन्यातल्या घराचा मालक स्वतः उत्तर देतोय. बदली घर घेतलेलं नाही. बाकीच्या अकरा घरांत कॅमेरे आहेत?"

होते. बाराही मालक रात्रभर जागेच होते. वीस नंबरवाल्यानं तर कोलकात्याहून पाचही कोकरांची वेळेनुसार नोंद ठेवली होती. प्रतिसाद शंभर टक्के. मॅडमनी बारा फॉर्म तिथल्या तिथं वरच्या ऑफिसला पाठवले आणि पहिल्यांदाच शिवतेजच्या पाठीवर थाप मारली.

तासाभरात वरून उत्तर आलं. 'बारा घरे, सरासरी झोप शून्य, फरक शून्य. असे आकडे फक्त घरी बसून भरता येतात. नमुना रद्द. नवीन चिठ्ठी काढून आजच पुन्हा भरावे. या वेळीही तेच आले तर संबंधिताची सेवा थांबवावी.'

बनुबाईंनी जांभई देत पुन्हा चिठ्ठी उचलली. नऊ.

शिवतेजचा जीव भांड्यात पडला. नऊ नंबर म्हणजे राहती घरं, साधी माणसं, गोधड्या. तो धावतच लालासाहेबांच्या दारात गेला. सरपंच ओसरीवर बसून लाल डोळ्यांनी दहा नंबरकडं टक लावून बघत होते.

"सरपंच, काल किती तास झोपला?"

"झोप?" लालासाहेबांनी रिकामा करगोटा चाचपला. "गड्या, मान्सानं इस्वासानं दिल्याली चावी मी दुसऱ्याला दिली. आमी बाराच्या बारा नऊ नंबरवाले रातभर आपापल्या ओसरीवर राकन करत बसून हुतो."

शिवतेजनं शांतपणे शून्य लिहिलं. मग मोबाईल काढला आणि मामाला विचारलं, "कोंबड्या साधारण किती वाजता झोपतात?"