फक्त एक थेंब तेल

डेक कॅसेट खाईल, या काळजीनं अनुजाला सलग तीन रात्री झोप नव्हती. बाकीच्या आयांना मूल खात नाही याची काळजी असते. (ती अनुजालाही होती; पण ती जुनी, मुरलेली. ही ताजी होती.)

सुरुवात अगदी साधी. सासूबाईंच्या, म्हणजे मालनताईंच्या, कपाटात एकुलती एक कॅसेट होती आणि तीत अप्पांचा आवाज होता. अप्पांना जाऊन बारा वर्षं झाली. नात मनवा आता चार वर्षांची. "मनूला आजोबा ऐकवूया का?" असं अनुजा जेवताना सहज बोलून गेली, आणि मालनताईंच्या हातातला घास हातातच राहिला. आता माघार नव्हती. तिनं शीवच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड डेक आणला. "आवाज एकदम क्लिअर," ते म्हणाले होते. कुठला आवाज, हे विचारायचं राहिलं.

लालबागला घरी आणून रिकामाच चालू केला, तर घर्र-टिक, घर्र-टिक.

अनुजानं सात व्हिडिओ पाहिले. त्यातून तिला कळलं की अशा आवाजाची अकरा कारणं असतात, आणि ती सगळी आपल्याच डेकमध्ये आहेत.

आता या घराची एक रीत होती. अप्पांनी तीस वर्षं मिलमध्ये साच्यांना, म्हणजे मागांना, तेल घातलं. त्यामुळे दार करकरलं, पंखा कुरकुरला, कुणाचा गुडघा वाजला, की घरात एकच औषध: तेल. चौथ्या दिवशी घरघर खरंच थांबली. अनुजानं खुशीत योगासनांची एक जुनी कॅसेट लावून पाहिली. टिकटिक होतीच, वर "श्वास घ्या" म्हणणारी बाई विहिरीच्या तळातून बोलत होती. तिच्या गतीनं श्वास घेतला असता तर माणूस गेलाच असता.

"अगं, ह्यांचा आवाज बारीक होता," मालनताई हळूच म्हणाल्या. "असा राक्षसासारखा नको ऐकवूस पोरीला."

शनिवारी सगळं घर चिंचपोकळीला, टेप दुरुस्त करणाऱ्या आग्नेलो अंकलच्या गाळ्यात हजर.

"पेशंट एक नि नातेवाईक चार?" म्हणत अंकलनी झाकण उघडलं आणि चष्मा कपाळावर सरकवला. "यात भजी कोणी तळली?"

"मी शिलाई मशीनचं तेल घातलं," अनुजा म्हणाली. "फक्त एक थेंब."

"मी एकच थेंब," मालनताई म्हणाल्या. "खोबरेल. ह्यांचे मिलमधले साचे तेलावरच चालायचे."

अनुजानं नवऱ्याकडे पाहिलं. धनेश रस्त्याकडे बघत होता. "सायकलच्या चेनचा स्प्रे," तो म्हणाला. "थोडासाच."

"मावशी, साचा लोखंडाचा," अंकल म्हणाले. "इथं रबराचा पट्टा आहे. तेल लागलं की घसरतो. आणि टिकटिक का, तर चाकाचा दात तुटलाय. दाताला तेल लावून काय होणार?"

"ते असते तर आधी उघडून बघितलं असतं," मालनताई म्हणाल्या. त्या 'ते'मध्ये उरलेल्या सगळ्यांचा निकाल लागला.

दोन तास पुसापुशी चालली. नवा पट्टा आला, एका मेलेल्या डेकचं चाक आलं. अंकलनी स्वतःची कॅसेट दोनदा वाजवून दाखवली आणि हात पुढे केला. "आता तुमची."

"खाणार नाही ना?"

"बाई, तुम्ही हातातून सोडली तर घालतो."

तिनं सोडली. आधी नुसती खरखर. मग एक बारीक, घाईतला आवाज.

"रे धन्या, एकच घास. भोंगो झालो बघ. माका कामाक जावचा आसा. गिळतंस काय नाय?"

धनेश, वय अडतीस, छताकडे बघू लागला. मालनताईंनी पदर सारखा केला, जणू कुणी दारात आलं होतं. "अजून खाल्लं नाही ह्यानं," त्या डेकला म्हणाल्या.

मनवानं सगळं ऐकलं. मग अंकलच्या मांडीवर बसून तिनं बटण दाबलं. आजोबा थांबले. परत दाबलं. बोलू लागले. परत थांबले.

अनुजा लगेच पुढे वाकली. "मनू, आवडले आजोबा? घाबरली नाहीस ना? कान नाही ना दुखले? पाणी हवंय? सू आलीय का?"

मनवानं आईकडे नीट बघितलं.

"आई, तूपण यातच बोलत जा. म्हणजे बंद करता येतं."