थिसलबर्नची चांदमारी आणि तापल्या नळीचा बंदोबस्त

थिसलबर्न हॉल कमिटीच्या सेक्रेटरीण बेरिलबाई मॅकॉस्लन यांणी आज्ञा केली की, गतसाली फेब्रुवारी मासी जी चांदमारी जाहली तिचे वर्तमान ज्याच्या त्याच्या तोंडी वेगळे, पबमध्ये तर रोज नवे, सबब खरे काय ते एकदा कागदी लागावे. त्यावरून लिहिणाराने उभय पक्षांच्या घरचा चहा पिऊन, म्हणजे कोणा एकाचा मिंधा न राहता, पाहिले ऐकिले तैसे लिहिले. पदरचे घातले ते थोडे. वाचणाराने राग धरू नये. धरणे असल्यास कमिटीवर धरावा.

थिसलबर्नचा मुलूख म्हणजे ओटागो प्रांताचा अंतर्भाग, दक्षिण गोलार्धी, सबब फेब्रुवारी तो ऐन उन्हाळा; उन्हाळी भट्टी आणि हिवाळी बर्फ, घरे सोळा आणि मेंढरे अगणित. एप्रिल लागला की डोंगरात नर हरणे माजावर येऊन डुरकतात, आणि मग तमाम मुलुखाचे चित्त ठिकाणी राहात नाही. डोंगराच्या घळी कोणी कोठल्या घ्याव्या यावरून पूर्वी भावाभावांत कजिये जाहले, सबब वडीलधाऱ्यांनी तजवीज केली की फेब्रुवारीत चांदमारी करावी, दोनशे मीटरांवर चकती, दहा गोळ्या, आठ मिनिटे, आणि जो जिंकील त्याणे प्रथम घळ निवडावी. सगळ्या घळींत मातबर ती पायपर घळ. तिजमध्ये निम्म्या वाटेपर्यंत गाडीरस्ता, बाकीच्या घळी बकऱ्यांनीच चढाव्या ऐशा.

आता फर्गस टुलॉक यांची हकिकत. वय सदुसष्ट, दोन्ही गुडघे बंड करोन उठलेले, आणि डावा कान जन्मभराच्या बंदुकांनी आणि मेंढ्या कातरायच्या यंत्रांनी कायमचा बंद केलेला. डॉक्टरांची सक्त ताकीद की आता सायलेन्सर लाविल्याशिवाय एक बार जरी काढिला तरी उजवाही जाईल. ऐशा पुरुषास पायपर घळ मिळाली तर शिकार आहे, न मिळाली तर एप्रिलभर खिडकीशी बसोन हवामानाच्या बातम्या आहेत. हे फर्गसराव जाणोन होते आणि मनातून फार भ्याले होते. परंतु टुलॉक घराण्यात भिण्याचे बोलण्याची चाल नाही, म्हणोन ते मेंढ्यांवर ओरडत.

मग त्यांणी मसलत केली की आपली जुनी जड बंदूक गुडघ्यांस सोसत नाही, सबब नवी घ्यावी. ती आणविली, तो कोकराहून हलकी. आणि तिचे मुखी टायटॅनियम धातूचा सायलेन्सर, म्हणजे बाराचा आवाज दाबणारी नळी, जॅमच्या भरल्या बरणीहून हलका. शेजारचे डूगल रेनी, वय पन्नास, पायपर घळीचे दुसरे दावेदार, यांची बंदूक ती कुंपणाच्या खांबाएवढी, तिजवर पोलादी सायलेन्सर, आणि ती चार चाकांच्या क्वाड बाइकवर स्वार होऊनच हिंडे. कुंपणाशी उभयतांची गाठ पडली तेव्हां डूगलरावांनी नवे हत्यार निरखिले.

“काय फर्गी, बंदूक आहे का मासे धरायची काठी?”

“तुझी ती बंदूक आहे का गेटचा खांब? घळीत नेणार कशी, ट्रॅक्टरला बांधून?”

“न्यायची कशाला, लेका? चांदमारी काय घळीत असते?”

या बोलण्यात तथ्य होते, आणि तेच फर्गसरावांस झोंबले.

पहिली लढाई घरामागील कुरणात जाहली. टेकडीच्या पोटाशी चकती रोविली, आणि फर्गसराव पालथे पडून, गुडघ्यांचा उद्धार करून, बंदूक खांद्यास लाविते जाहले. पहिली गोळी मधोमध, दुसरी तिचे शेजारी, तिसरी दोहोंस चिकटोन. चौथीपासून विपरीत वर्तले. हलकी नळी ती, पातळ अंगाची, तिजला ताप सोसेना. ती तव्यासारखी तापली, आणि तिचे पाठीवरून झळा उठोन बंदुकीवरील दुर्बिणीच्या तोंडापुढे नाचो लागल्या. मग दोन खिळ्यांनी जखडलेली चकती दुर्बिणीत डोलो लागली, लांबोळकी जाहली, जागा सोडून वर सरकली, आणि सहावी गोळी कोठे गेली हे एक टेकडी जाणे. नाचता येईना अंगण वाकडे, या न्याये फर्गसरावांनी दुर्बिणीवर इतराजी केली आणि तिची कळ खालचे अंगास पिळली, आणि पुन्हा पिळली, आणि जीव शांत होईतोवर पिळीत राहिले.

दुसरे दिवशी सकाळी नळी गार, हवा गार, झळ नावास नाही. फर्गसरावांनी मोठ्या डौलाने बार काढिला, तो चकतीखाली चार हात अंतरावर मेंढ्यांची पाण्याची टाकी होती ती आरपार. नोलाबाई, म्हणजे फर्गसरावांचे कुटुंब, हातचे काम टाकोन कुरणात आल्या.

“फर्गस, त्या टाकीनं तुझं काय घोडं मारलं होतं?”

“दुर्बीण बिघडलीय.”

“काल दुर्बीण बिघडली, आज टाकी फुटली. उद्या मी घराच्या कुठल्या बाजूला उभी राहू, तेवढं सांगून ठेव.”

मग शहरातील दुकानातून नळीस घालावयाचे एक कृत्रिम कापडी आवरण आणविले. सहा गोळ्यांपर्यंत त्याणे इमान राखिले, झळ दाबून ठेविली. परंतु फर्गसराव घाईत, एका बारावर दुसरा, आणि धग आतल्या आत कोंडलेली. सातवीस धूर निघाला, आठवीस आवरण वितळोन नळीस चिकटले, आणि ऐसी दुर्गंधी सुटली की मेग नावाची इमानी कुत्री, जी वीजकडाक्यातही धन्यास सोडीत नसे, ती उठोन डूगलरावांच्या अंगणात जाऊन बसली. तिसऱ्या स्वारीत ओला टॉवेल गुंडाळिला. तो चर्र होऊन वाफेचा लोट उठला, दुर्बीण आंधळी जाहली, आणि टॉवेल नोलाबाईंच्या बहिणीने एडिंबरोहून आणिलेला निघाला. त्यावरून घरात एक दिवस अबोला पडला.

तिसऱ्या शिकस्तीनंतर फर्गसराव पडवीत बसून सायलेन्सर बंदुकीच्या तोंडावरून फिरवून काढू लागले. नळीच नसेल तर झळ कोठली, ऐसा त्यांचा विचार. नोलाबाईंनी खिडकीतून पाहिले आणि बाहेर येऊन त्यांचा हात धरिला.

“तो परत लाव.”

“दहाच तर गोळ्या आहेत, नोला. दहा गोळ्यांनी काय होतंय?”

“एक कान गेला, तेव्हाही हेच म्हणाला होतास. उरलेला एक मला हवाय. त्यात मी बोलते.”

फर्गसरावांनी सायलेन्सर पुन्हा आवळून लाविला.

मग स्वयंपाकघरात मसलत भरली. नोलाबाईंनी शेगडीवर किटली ठेविली, तिची वाफ सुटली तेव्हां भिंतीवरचे कॅलेंडर काढोन वाफेच्या पलीकडे धरिले.

“तारीख वाच.”

“कशी वाचू? हलतेय ती.”

“मग काय करशील? कॅलेंडर दुरुस्त करशील का किटलीखालचा गॅस बंद करशील?”

फर्गसरावांनी उठोन किटलीखालचा गॅस बंद केला. चाळीस वर्षांच्या संसारात ऐसी हार त्यांस पुष्कळ वेळा पत्करावी लागली होती, परंतु सवय म्हणून जाहली नव्हती.

“आणि गोळ्या मारतोस का मेंढ्या कातरतोस?” बाई म्हणाल्या. “मागं कोण लागलंय तुझ्या?”

मग बाईंचे फर्मान सुटले ते येणेप्रमाणे. आपल्याच मेरिनो लोकरीचा जुना मोजा पंजाकडोन कापोन दुहेरी नळीवर चढवावा, कारण लोकर करपते पण वितळत नाही. दोन गोळ्यांमध्ये दम धरावा. बाराबरोबर बोल्ट, म्हणजे गोळी भरावयाचा अडसर, उघडा टाकोन नळीतून वारा जाऊ द्यावा. विसाव्यास मोजा उतरावा, नाहीतर तोच मोजा नळीस रजई होतो. पाण्याचे नाव काढू नये. आणि दुर्बिणीच्या कळीस हात लाविल्यास जेवण आपले आपण करावे. फर्गसरावांनी कळ मूळ ठिकाणी आणिली आणि फर्मानाबरहुकूम आठवडाभर कवाईत केली. फळ आले, परंतु अर्धे. पाच गोळ्या नामी लागत, सहावीपासून मोज्यातूनही धग वर येई, आणि नळी निवण्यास जो वेळ लागे तो आठ मिनिटांत बसेना. हलकेपणा पाहिजे तर ताप सोसावा, ताप नको तर वजन वाहावे. तिसरी वाट लोहाराने ठेविलीच नव्हती. फर्गसराव चांदमारीस निघाले ते हरण्याचे मनाशी धरून निघाले.

चांदमारीचे दिवशी ऊन ऐसे की हॉलचा पत्रा कडकड वाजे. टोपीतून चिठ्ठ्या निघाल्या. डूगलराव दुसरे, त्यांणी आपला खांब वाळूच्या पिशवीवर ठेवून, च्युइंगम चघळीत, चार मिनिटांत दहा बार काढिले, आणि पोलादी नळी जेमतेम तापली. गुण शंभरात त्र्याण्णव. फर्गसराव चौथे. त्यांणी दम धरून, बोल्ट उघडीत मिटीत, साडेचार मिनिटांत पाच गोळ्या मारिल्या, गुण सत्तेचाळीस. मग करपल्या लोकरीचा वास आला आणि चकती डोलो लागली. उरली साडेतीन मिनिटे आणि गोळ्या पाच. थांबावे तर वेळ जातो, मारावे तर घळ जाते; फर्गसरावांच्या डोळ्यांपुढे ती खिडकी उभी राहिली.

तो इतक्यात हॉलच्या दारी घंटा वाजली. दहाचा चहा.

या मुलुखात दहाच्या चहाची घंटा जाहली की अर्धी कातरलेली मेंढी सोडून लोक उठतात, मग इतर कामांची कथा काय. चांदमारीच्या कानूनातही वडिलांनी लिहोन ठेविलेच होते की, घंटा जाहल्याबरोबर बोल्ट उघडे, हत्यारे खाली, घड्याळ बंद. शिल्लक वेळ चहानंतर. आजवर त्या कलमाचे काम कोणास पडले नव्हते, कारण घंटा नेहमी दोन गड्यांच्या मधेच होई. डूगलराव ताडकन उठले.

“हे काय? दहाला अजून आठ मिनिटं आहेत!”

बेरिलबाईंनी, ज्या त्या दिवशी पंचही होत्या, हॉलच्या भिंतीवरचे घड्याळ पाहिले. तेथे दहा वाजले होते. ते घड्याळ फार उंचावर आहे. तिथवर पोचावयाचे स्टूल एकच, ते चहाच्या कोठीत असते, आणि कोठीची किल्ली त्या साली नोलाबाईंकडे होती. लिहिणारास याहून अधिक ठाऊक नाही.

“माझ्या घड्याळात बघ ना, बेरिल.”

“तुझं घड्याळ कमिटीचं नाही, डूगल. चल, स्कोन गार होतायत.”

मग अर्धा तास तह पडला. बंदूक चिनाराच्या सावलीत, बोल्ट उघडा, मोजा उतरविलेला, ऐसी विसावली. आणि हॉलात नोलाबाईंनी डूगलरावांची जी बरदास्त ठेविली तैसी त्यांची त्यांच्या लग्नातही राहिली नसेल. मलई लाविलेले स्कोन, अंडी आणि बेकनची पाई, चहाचे तीन पेले. डूगलराव कितीकदा तक्रार मांडू गेले, परंतु दर वेळी तोंड भरलेले.

मग पुन्हा मोर्चे लागले. गार नळी, मोजा चढविलेला, वेळ साडेतीन मिनिटे. सहावी गोळी दहा, सातवी नऊ, आठवी दहा, नववी नऊ. एकूण पंच्याऐंशी. आता शेवटची नऊ लागली तर फत्ते, आठ तर बरोबरी, आणि बरोबरीत पुन्हा दहा गोळ्या, म्हणजे मरण. घाईने मारिलेल्या चार गोळ्यांनी नळी पुन्हा तापली आणि झळ दुर्बिणीपुढे उठो लागली. बेरिलबाईंनी पुकारिले, चाळीस सेकंद. फर्गसरावांनी बोट बंदुकीच्या चापावरून काढिले. तीस पुकारिले, वीस पुकारिले. लोकांस वाटले म्हातारा झोपला. परंतु त्यांची नजर चकतीखालच्या गवतावर आणि झळेवर होती. दहा पुकारिले, तो वायव्येचा वारा सुटला, गवत आडवे पडिले, नळीवरची झळ एका अंगास लोटली गेली, आणि चकती जागच्या जागी स्वच्छ उभी राहिली. फर्गसरावांनी बार काढिला.

चकती आणिली. भोक नऊ आणि आठ यांमधील रेघेवर. बेरिलबाईंनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला, आणि हुकूम सांगितला की रेघ तुटली आहे, सबब नऊ. एकूण चौऱ्याण्णव, फत्ते टुलॉकांची. डूगलराव मनाचे खोटे नव्हेत. त्यांणी येऊन हात मिळविला.

“नोलाला सांग, चहा फर्मास होता. घड्याळ तेवढं दुरुस्त करून घ्या म्हणावं.”

“कुठलं घड्याळ?” फर्गसरावांनी खरोखर विचारिले.

“राहू दे डूगल,” नोलाबाई पेले गोळा करीत म्हणाल्या, “त्याला त्या कानानं ऐकू येत नाही.”

पुढे एप्रिलचे दुसरे आठवड्यात, गवतावर पांढरे दंव पडिले असता, फर्गसराव एकटे पायपर घळीत जाऊन एका खडकाशी बसले. गुडघे दुखत होते, पण चढाव जाहला होता. सूर्य कड्यावर येतो न येतो तो उजवे अंगास बारा टोकांच्या शिंगांचा नर डुरकला, आणि तो उजव्या कानाने इतका स्वच्छ ऐकिला की फर्गसरावांचे डोळे भरोन आले. नर पुढे आला. बार एकच जाहला, तोही दबका. नर जागीच पडला. चकती नाही, घड्याळ नाही, दुसऱ्या गोळीचे कारण नाही. मग फर्गसरावांनी थंडीने बधिरलेले दोन्ही हात शेकावयास त्या नळीस धरिले, तो ती जेमतेम कोमट. बोटेसुद्धा शेकली नाहीत. तेव्हां ते एकटेच त्या घळीत पोट धरून हसले.

सबब कमिटीच्या दप्तरी नोंद ठेविली ऐसी की, टायटॅनियम नळीच्या तापाचा बंदोबस्त टुलॉक उभयतांनी मोठ्या शर्थीने केला आणि पायपर घळ काबीज केली. खुद्द घळीतील लढाईत मात्र ताप हा गनीम हजरच जाहला नाही.