शून्य वाढीचे इंगळे सर

दर सोमवारी सकाळी इंगळे सर माझा खराटा मोजत. खिशातली पोलादी पट्टी काढायची, खराटा भिंतीला टेकवायचा, एक डोळा मिटायचा आणि म्हणायचं, "शोभाबाई, तीन मिलिमीटर झिजला. काम झालं या हप्त्यात." एकदा मी आठवडाभर तापाने घरी होते. परत आले त्या सोमवारीही त्यांनी पट्टी लावली. "झिजला नाई," म्हणाले, "आता बरं वाटून राह्यलं ना?" मला बरं वाटतं का, हे त्या दिवशी दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं.

वलगावच्या रस्त्यावर आमची खासगी आयटीआय आहे. मी तिथे झाडझूड करते. सर फिटरच्या पोरांना शिकवत. लोखंडाचा तुकडा कानशीने घासायचा, मापात आणायचा, दुसऱ्या तुकड्यात बसवायचा, हे ते काम. सरांच्या एका खिशात पट्टी, दुसऱ्यात बारीक माप घ्यायचा सरकता व्हर्नियर, आणि हातात गुण्या. गुण्या म्हणजे काटकोन बघायचं साधन. तो तुकड्याला लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला की तुकडा वाकडा.

सर हा गुण्या कशालाही लावत. ऑफिसच्या दाराला, नव्या बाकाला, आणि एकदा एका लग्नात मांडवाच्या खांबाला. नवरीचा बाप हात जोडून म्हणाला, "सर, जेवून घ्या ना." सर म्हणाले, "जेवतो, पन आधी हा खांब सरळ करा." शेवटी चार पोरांनी खांब सरळ केला, तेव्हाच सर पंगतीला बसले.

गेटसमोरच्या चहावाल्याने तर त्यांच्या ग्लासावर खिळ्याने खूण करून ठेवली होती. नाहीतर सर म्हणत, "काल चहा पाच मिलिमीटर वर होता गा."

पोरं कापत त्यांना. कोणी म्हणालं, "सर, जवळजवळ झालं," की सर ओरडत, "अंदाज नोको सांगू! माप सांग!" हे वाक्य दिवसातून पन्नास वेळा ऐकू यायचं. माझ्या तोंडातही बसलं होतं. माझा नवरा म्हणाला, भाजीत मीठ थोडं जास्त झालं. मी म्हणाले, अंदाज नको सांगू. तो बघतच राहिला.

सरांची बायको चार वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही. रविवारी ते फार कंटाळत. "घरी मोजाले काईच नाई वो," एवढंच म्हणत.

एक गोष्ट मला बरीच वर्षं कळत नव्हती. नवी पोरं आली की पहिल्या दिवशी सर प्रत्येकाला एक लोखंडी तुकडा देत. दोन बाजू सपाट करायच्या, काटकोनात आणायच्या. शनिवारी तो तुकडा पोराला घरी न्यायला मिळे. त्या पहिल्या आठवड्यात मी संध्याकाळी वर्कशॉप लख्ख झाडून जायची, आणि सकाळी बघावं तर सरांच्या टेबलाखाली लोखंडाचा कीस. मला वाटायचं, म्हातारा एकटाच आहे, वेळ जात नसेल.

मागच्या वर्षी संस्थेने नवा नियम काढला. शिक्षक कसा आहे, ते पोरांच्या वाढीवरून ठरवायचं. पहिल्या दिवशी दिलेल्या कामाचे गुण नेहमीसारखे शनिवारी बोर्डावर लावायचे, वर्षाच्या शेवटी पुन्हा कामाचे गुण द्यायचे, आणि मधला फरक काढायचा. ज्याचा फरक सगळ्यात कमी, त्याने वर्कशॉप सोडून अकोल्याच्या शाखेत स्टोअर सांभाळायचं.

वेल्डिंगचे सर हुशार. त्यांनी पहिल्या दिवशी मशीनचा करंट इतका कमी ठेवला की पोरांची कांडी पेटेचना. सगळ्यांना शून्य. आता वर्षभर काहीही शिकवलं तरी वाढच वाढ. इंगळे सरांना त्यांनी प्रेमाने सांगितलंही, "बोथट कानशी द्या पोट्ट्यांले. कायले सरळमार्गी राहून राह्यले?" सरांनी त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांच्या शर्टाचं बटण किती खाली लागलंय ते सांगितलं.

त्याच आठवड्यात मी एका संध्याकाळी डबा विसरले म्हणून परत गेले. वर्कशॉपच्या दारातूनच दिसलं. सर वाकून कानस चालवत होते. डाव्या हाताला पोरांचे वाकडे तुकडे, उजव्या हाताला सरळ केलेले. प्रत्येकावर पोराचं नाव चिकटवलेलं. मला बघून ते दचकले. मग म्हणाले, "शोभाबाई, हा कीस उद्या झाडा. आज नोका झाडू." मी डबा घेऊन निघाले.

शनिवारी बोर्डावर गुण लागले. फिटरची पोरं वीसपैकी सतरा, अठरा. वलगावची प्रज्ञा, वर्गातली एकटी मुलगी, तिला अठरा. ती बोर्डासमोर इतका वेळ उभी राहिली की मला तिच्या पायांभोवतीनं झाडावं लागलं.

वर्ष गेलं. तपासायला अकोल्याच्या शाखेतून एक मॅडम आल्या. सरांची पोरं तेव्हा खरंच छान काम करत होती. पुन्हा सतरा, अठरा मिळाले. मॅडमनी कागदावर बोट फिरवलं आणि चष्मा काढला.

"सर, वाढ शून्य आहे. दोघांची तर उणे. म्हणजे वर्षभर शिकून ते मागे गेले. तुम्ही केलं काय वर्षभर?"

सर व्हर्नियर उघडत होते, मिटत होते.

मी कोपऱ्यात होते. मी कोणासमोर बोलत नाही. चौथी शिकलेली बाई मॅडमसमोर काय बोलणार? पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघून गेलं, "मॅडम, ते पहिल्या दिवशीचे तुकडे..."

"शोभाबाई!" सर इतक्या जोरात कधी बोलले नव्हते. "तिकडचा कीस राह्यला. झाडा तो."

मी झाडला. मॅडमनी सही केली.

त्या दुपारी मी सरांना चिडूनच विचारलं, "आधी गुण लिहायचे आणि मग घासायचं ना! कोणाला कळलं असतं?"

"बोर्डावर लागते ना ती यादी," सर म्हणाले. "पयल्याच हप्त्यात नावापुढं दोन गुन लागले का पोट्टं सोमवारी येत नाई. वरूडले संत्र्याच्या गाड्या भराले जाते. मी पाह्यलं हाय. सोळा वर्सं पाहून राह्यलो."

"मग मॅडमला तेच सांगायचं."

"सांगतो. मंग ते प्रज्ञाच्या कानावर जाते. तिच्या मायनं तो तुकडा बुद्धाच्या मूर्तीपाशी ठेवला हाय. तिले काय सांगू, तो तुह्या हातचा नाई म्हनून?" त्यांनी व्हर्नियर खिशात ठेवला. "माप खोटं नोतं लिवलं मी, शोभाबाई. माप खरंच होतं. हात माहा होता, बस."

सर अकोल्याला गेले. पोरांना बदलीचं कारण कोणी सांगितलं नाही. जाताना त्यांनी मला पोलादी पट्टी दिली. "दर सोमवारी खराटा मोजा आन् लिवून ठेवा." चौथीनंतर मी सहीशिवाय काही लिहिलं नव्हतं. मी एक वही घेतली. आधी नुसते आकडे लिहिले. मग आकड्याशेजारी एखादी ओळ. आता हे सगळं त्याच वहीत लिहिते आहे.

यंदा नवे सर आले, नवी पोरं आली, पहिला आठवडा आला. आणि मंगळवारी सकाळी बघते तर टेबलाखाली कीस.

संध्याकाळी मी दाराआड थांबले. प्रज्ञा होती. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे. नव्या पोरांचे वाकडे तुकडे एकेक करून सरळ करत होती.

"काय करून राह्यली वो बाई?" मी म्हटलं.

ती लाजली. "मावशी, उन्हाळ्यात मूर्तीपासचा माहा तुकडा हातात घेतला. त्याच्यावरच्या कानशीच्या रेघा पाह्यल्या. त्या माह्या नाईत. वर्सभर सरच्या बाजूले उभी होती मी, सरचा हात वळखू येते मले."

"मग? वाईट वाटलं?"

"आधी वाटलं. मंग पुन्हा मूर्तीपाशी ठेवून देल्ला."

ती खिडकीतून आत आली होती. वर्कशॉपची एक किल्ली माझ्याकडे असते. मी तिला शनिवारपर्यंत रोज दार उघडून दिलं.

बहिणीकडे जायचं निमित्त काढून मी अकोल्याला गेले. स्टोअर म्हणजे एक लांबट खोली. नटबोल्टांचे शेकडो डबे, सगळे जाडीप्रमाणे लावलेले, सगळ्यांची तोंडं एका रेघेत. सर खुर्चीतून उठले. बारीक झाले होते.

"किती?" त्यांनी पहिलंच विचारलं.

मी वही दिली. त्यांनी एकेक सोमवार वाचला. मग मी प्रज्ञाचं सांगितलं. कीस, रेघा, मूर्ती, सगळं. सर ऐकत राहिले आणि एकदम हसले. "त्या नव्या सरले सांगा, इथं आनखीन एक खुर्ची रिकामी हाय म्हना."

मी पिशवीतून कागदात बांधलेला तुकडा काढला. प्रज्ञाने पाठवला होता, स्वतः घासलेला. सरांनी त्याला गुण्या लावला, खिडकीच्या उजेडासमोर धरला. एरवी एका क्षणात सांगणारा माणूस, पण बघतच राहिले. मग व्हर्नियर लावला. चष्मा काढला, शर्टाने पुसला, पुन्हा लावला. पुन्हा काढला.

"तुमीच वाचा," म्हणाले आणि व्हर्नियर माझ्यापुढे धरला.

"सर, मला कुठे वाचता येतं हे?"

त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं होतं.

"मंग अंदाजानं सांगा," सर म्हणाले.